देउस कोण?

बायको दर बुधवारी दुपारी गाण्याला जायची. सिडनीतल्या गिरावीनमध्ये आमच्या गल्लीच्या टोकाला एक हॉल आहे, तिथे. गोऱ्या बायका, दोन-तीन बाप्ये, सगळे केस पिकलेले. पेटी नाही, तबला नाही, नुसते गळे. मुलाने सांगितलं, फ्रान्सच्या एका टोकाला ब्रिटनी म्हणून मुलूख आहे, तिथली ब्रेटन नावाची जुनी भाषा, तिच्यातली गाणी म्हणतात. मी म्हटलं, मग ती सिडनीत बसून कशाला म्हणतात? आणि आमच्या हिला कशाला बोलावतात? तिला इंग्रजीत 'नो वरीज' सोडून काही येत नव्हतं.

वर फुकट शिकवतात म्हणे. फुकट कोण काय शिकवतो?

एकदा तिला आणायला गेलो तेव्हा दारातून भिंतीवरचं कापड दिसलं. त्याच्यावर रंगवलेली अक्षरं. माझी शाळा चौथीत सुटली, इंग्रजी वाचता येत नाही, पण त्यातली पहिली चार अक्षरं ओळखीची निघाली. आमचं गाव गोव्याच्या हद्दीला लागून. मी म्हापशाकडे गवंडीकाम केलं, जुन्या क्रुसांची डागडुजी केली. त्या दगडांवर हीच अक्षरं कोरलेली असायची. मुकादमाने ती वाचून दाखवली होती, आणि स्वतःच्या बोटावर हातोडी बसली की तो हेच नाव घ्यायचा. देउस. म्हणजे त्यांचा देव.

घरी येताना हिला विचारलं, "त्या देउसाचा काय शिकयतत गो तुका?"

"गाणा."

"कसला गाणा?"

"तुमका काय करुचा हा? तुमी आपली क्रिकेट बघा."

हसत होती. ती अशी हसली की मला आणखी संशय यायचा. लोकांना गोड बोलून बाटवतात हे मी तिकडे पाहिलेलं आहे. आधी गाणं, मग केक, मग पाणी शिंपडतात.

गेल्या वर्षी ती गेली. सकाळी चहाचं आधण ठेवलं, ओट्याला धरून खाली बसली, ती उठली नाही. दहाव्याला पार्कात पिंड ठेवला. इथले कावळे मोठे, तान्ह्या पोरासारखे रडतात. ते गवतावर बसून बघत राहिले. एकही शिवला नाही. शेवटी तो कचरापेटीत चोच घालत फिरणारा पांढरा पक्षी आला, लांब वाकड्या चोचीचा, आणि सगळं साफ करून गेला.

"बाबा, पक्षी तो पक्षी," मुलगा म्हणाला. भटजी फोनवर दिसत होते, तेही म्हणाले चालेल. मला चाललं नाही. ही कुणाच्या देवाकडे गेली, एवढंच माझ्या डोक्यात. त्यांच्याकडे गेली असेल तर माझ्या हातचं पाणी तिला पोचायचं कसं? हे कुणाला विचारणार? मुलगा गप्प बसा म्हणतो, नात 'ग्रँडपा, चिल' म्हणते.

वर्षश्राद्ध जवळ आलं तसा त्या गाणाऱ्यांचा मुलाला फोन आला. आम्हाला आईंसाठी गायचं आहे, तुम्ही या. मी मुलाला म्हटलं, "बघ. आता वर्षश्राद्धात पण घुसतायत."

"बाबा, नुसता क्वायर आहे तो. चला, काय ते समोर विचारा."

म्हणून गेलो. त्यांनी खुर्ची दिली, लोण्याने थबथबलेला केक दिला. मी केकला हात लावला नाही. त्यांची मुख्य म्हणजे माझ्याच वयाची एक बाई, हातात काठी, आवाज मात्र बैल हाकणाऱ्या माणसाचा. मी भिंतीकडे बोट दाखवलं आणि मुलाला म्हटलं, "विचार तिला, हा देउस कोण?"

त्याने विचारलं. बाई आधी कापडाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.

मुलगा म्हणाला, "देव नाही, बाबा. त्यांच्या भाषेत देउस म्हणजे 'ये'. 'ये, गायला ये' असं लिहिलंय."

"'या' की 'ये'?"

त्याने परत विचारलं. "'ये'. एकट्याला, घरच्या माणसाला म्हणतात तसं."

मी म्हटलं, असेल. शब्द काय, कसाही फिरवता येतो.

मग त्यांनी त्यांची रीत दाखवली. एकीने ओळ म्हणायची. तिची ओळ संपत आली की दुसरीने शेवटचे शब्द तिच्यासोबतच उचलायचे आणि तीच ओळ परत म्हणायची. मध्ये श्वासाएवढीही फट नाही. आमच्याकडे फुगडीत बायका असंच एकमेकींच्या तोंडातून गाणं घेतात. आमची ही त्या दुसरीच्या जागेवर उभी राहायची. पण तिची जीभ ब्रेटनला वळेना, तेव्हा काठीवाली म्हणाली होती, तुझ्या आजीच्या भाषेत म्हण, चाल आमची घे. ते हिचं गाणं आता सगळ्यांना पाठ होतं. तेच आम्हाला श्राद्धाला म्हणायचं आहे, बाई म्हणाली.

सगळे उठून उभे राहिले. हात बांधले, काहींनी डोळे मिटले. आणि सुरू झाले:

"गोव माजो गोरता गे, वाडी सगळी जागता,
उठलो काय च्या मागता गे, वर साकर मागता."

घ कुणालाच येत नव्हता, तरी शब्द न् शब्द कळला. नवरा माझा घोरतो, उठला की चहा मागतो, वर साखर; ती मला डॉक्टरांनी बंद केलेली. एक म्हणे, दुसरी उचले, परत म्हणे. माझं घोरणं त्या हॉलभर फिरत होतं. मुलगा बुटांकडे बघत होता, खांदे हलत होते. मला वाटलं हसतोय. वर बघितलं तेव्हा डोळे गळत होते.

गाणं संपलं. काठीवाली माझ्याजवळ येऊन हळू बोलली. मुलाने नाक पुसून सांगितलं, "ती म्हणते, आईने सांगितलं होतं ही सकाळची प्रार्थना आहे. ती विचारतेय, बरोबर आहे का?"

म्हणजे एवढी वर्षं ही बया दर बुधवारी इथे येऊन, सगळ्यांना उभं करून, हात बांधायला लावून माझी गाऱ्हाणी म्हणून घेत होती. आणि घरी येऊन, तुमी आपली क्रिकेट बघा.

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मुलगाही.

"प्रेयर," मी म्हटलं. "यस."

बाईने माझा हात धरला. मी मुलाला म्हटलं, "सांग, श्राद्धाला या म्हणावं. पण ती साखरेची ओळ हळू म्हणा. डॉक्टरांची बायको येणार आहे."

निघताना केक खाल्ला. घरी पोचेपर्यंत मात्र एकच विचार चालला होता. हे झालं एकच कडवं. एवढ्या वर्षांत हिने आणखी किती रचली असतील, आणि ती या लोकांना पाठ आहेत का?