परतवाड्याच्या दातांच्या डॉक्टरीणबाई

परतवाड्याला डॉ. शालिनीताई तायडे यांच्या दवाखान्यात मी पहिल्यांदा गेले ती नोकरी मागायला. दंतवैद्यकाची पदवी नुकतीच हाती आली होती. ताईंनी प्रमाणपत्राकडे पाहिलेही नाही. खुर्चीत एक चिमुरडी ओठ घट्ट मिटून बसली होती. तिच्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "आधी हिच्याशी बोल. दात मंग पाहू." मी अर्धा तास तिच्या बकरीविषयी बोलत बसले. तिने आपणहून तोंड उघडले आणि मला नोकरी मिळाली.

"दुधाचे दात पडणारच हायेत, मंग इलाज कायले?" असे आईबाप हमखास विचारत. ताई शांतपणे म्हणत, "पोरगी जेवून नाही राहिली. दात पडेपर्यंत उपाशी ठेवता का?" जंगलातल्या सेमाडोह गावी भरलेल्या दंततपासणी शिबिरात एका मुलीचा गाल डोळ्यापर्यंत सुजला होता आणि अंगात ताप होता. ताईंनी तिला जीपमध्ये मांडीवर घेऊन अमरावतीचे रुग्णालय गाठले. चार दिवस त्या मुलीच्या आईसोबत तिथेच राहिल्या. मुलगी वाचली.

लग्नानंतर मी अकोल्याला आले आणि तिथे स्वतःचा दवाखाना सुरू केला. परतवाड्याला ताईंचे यजमान दवाखान्याशेजारच्या खोलीत कवळ्या बनवीत. ते वारल्यावर मी ताईंना भेटायला गेले, तेव्हा फळीवर लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे तसेच मांडलेले होते. ताई म्हणाल्या, "लोक कवळी न्यायले येतात. कोनाची कोनती, हे त्याह्यलेच मालूम होतं." मी आठ दिवस राहते म्हटले. "तुह्या पेशंटले कोन पाहीन?" म्हणून त्यांनी मला परत पाठवले. मीही निघाले. त्याची खंत अजून आहे.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा फोन आला. "माहा हात कापते आता. लेकराच्या तोंडात सुई नेनं बरोबर नाही." कोणाचीही तक्रार नसताना त्यांनी दवाखाना बंद केला.

नऊ वर्षांच्या आर्याचे उपचार मात्र अर्धे राहिले होते, आणि ती दुसऱ्या कोणापुढे तोंड उघडेना. तेव्हा ताई स्वतः तिला व तिच्या आईला घेऊन एसटीने अकोल्याला माझ्या दवाखान्यात आल्या. खुर्चीशेजारी स्टुलावर बसून त्यांनी आर्याचा हात हातात घेतला.

"ताई, तुमचा हात कावून हालून राहिला?"

"म्हतारी झाली ना मी. तुले भेव वाटते का?"

"नाही. मी धरून राहिली ना."

मग तिने तोंड उघडले. अशा तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला काम संपले. मी मुक्कामाचा आग्रह केला, तो ताईंनी मोडला. मी त्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेले. बसमध्ये आर्या आईच्या मांडीवर झोपली होती. ताई पुढच्या बाकावर खिडकीशी एकट्या बसल्या होत्या.

"आता कधी याल?" मी खालून विचारले.

"पेशंट असला त येईन," त्या म्हणाल्या, आणि बस निघाली.

ताई, आज आपण पंचाहत्तरी पूर्ण करीत आहात. आपणांस निरोगी, भरपूर आयुष्य लाभो, आणि त्यातली एकही संध्याकाळ एकटीने काढावी लागू नये. पेशंटची वाट आपण पाहू नये. या रविवारी मीच परतवाड्याला येत आहे, आठ दिवसांचे कपडे घेऊन. या वेळी मला परत पाठवू नका.