ओठांतल्या टाचण्या

गल्लीतल्या बायका तिला शिलाईवाली म्हणत. तीस वर्षं पुढच्या खोलीत मशीन आणि तीस वर्षं ओठांत चार-पाच टाचण्या.

"आई, सोमवारपासून मी कामावर जाणार," मांडीवरच्या बाळाला सावरत मुलगी म्हणाली. "पण काल तुझ्या तोंडातली टाचणी हिच्या दुपट्यात सापडली. रांगायला लागलीय ही, दिसेल ते तोंडात घालते. शनिवारी येऊन बघते. तुझी सवय सुटली नसेल तर पाळणाघरात ठेवीन. मग रुसू नकोस."

नात परक्यांकडे, ही कल्पनाच शिलाईवालीला सोसेना. तिने मनगटाला छोटी उशी बांधली, टाचण्या तिच्यात खोचल्या. दुपारपर्यंत तीन पुन्हा ओठांत. मग तिने ओठांवर चिकटपट्टी लावली.

"आता कसं, घर शांत वाटतंय," नवरा म्हणाला. घर शांतच होतं. बोलायचा तो एकटाच.

बुधवारी तिने स्वतःवरच पाळत ठेवली. अवघड कापड बेतताना हात तोंडाकडे जात नव्हता. आतल्या खोलीतून नवऱ्याचा आवाज आला की जात होता. "अगं, मीठ कमी होतं." "अगं, माझा चष्मा?" लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी सासूच्या तोंडाला लागायचं नाही म्हणून तिला ही युक्ती सापडली होती. तोंडात टाचण्या असल्या की नुसतं 'हं' पुरायचं.

हे उमगलं आणि तिला थकवाच आला. म्हणजे आता बोलावं लागणार. या वयात.

शनिवारी मुलगी नातीला कडेवर घेऊन आली आणि दाराशीच थांबली. तेवढ्यात आतून हाक आली, "अगं, शर्टाचं बटण कधी लावणार? जगाचे कपडे शिवतेस, घरचा माणूस उघडा फिरू दे!"

टाचणी घेतलेला हात हनुवटीपर्यंत गेला. तिथेच अडला.

"सुईदोरा खिडकीत आहे. लावून घ्या."

"मी?"

"तुम्हीच. बटण तुमचं आहे."

आत खुर्ची करकरली. मग, "हल्ली फार तोंड सुटलंय तुला!"

"सुटलंय. दोरा ओवता येत नसेल तर आणा इकडे. ओवून देईन, लावायचं तुम्ही."

मुलीने पिशवीतून दुधाची बाटली काढून फडताळात ठेवली. "सोमवारी आठला आणते हिला."

शिलाईवालीने मान डोलावली. एवढ्याशा बोलण्याने घसा सुकला होता. आणि नवरा शर्ट नि सुई घेऊन समोर येऊन उभा होता. बटण कसं लावायचं, हे त्याला पहिल्यापासून सांगावं लागणार होतं.