हळदीकुंकवातली महिला सभा

करंडा माझ्यापर्यंत आला आणि पुढे गेला.

आबांच्या बायकोचं बोट कुंकवात बुडालेलं होतं. माझ्या अलीकडच्या बाईला तिनं लावलं. पलीकडच्या बाईला लावलं. मधे मी. माझ्यापाशी ती क्षणभर थांबली, हसली, आणि अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुमच्यात चालत न्हाई ना, सरपंचबाई. आन तुमचं तर तसंबी..." पुढचं तिनं गिळलं. गिळलेलं सगळ्यांना कळलं. बौद्ध, आणि वरून विधवा.

मला कुंकू नकोच होतं, हे आधी सांगते. आजेसासऱ्यांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात करंडा नाही. नवरा होता तेव्हाही मी लावत नव्हते. पण नको म्हणणं माझं होतं. ते तिनं माझ्या तोंडातून काढून घेतलं आणि चार बायांत माझ्यावरच फेकलं. अंगाची लाही लाही झाली. तरी बसून राहिले.

तशी मी तिथं पाहुणी नव्हते. गावची सरपंच होते. अजून आहे, उद्यापर्यंत तरी.

आमचं गाव नगर जिल्ह्यातल्या पठारावरचं. पावसाचा भरवसा नाही, वाऱ्याचा आहे. वाळत घातलेलं लुगडं दोन शेतं ओलांडून जातं, असा वारा. सरपंचपद अनुसूचित जातीच्या बाईसाठी राखीव निघालं तेव्हा आबांना एक बाई हवी होती. आबा म्हणजे उपसरपंच. गावात पानही त्यांना विचारून हलतं. त्यांना मी बरी वाटले. एकटी बाई, मागे पुरुष नाही, दिवसभर दुसऱ्याच्या रानात कांदे काढणारी. ही काय विचारणार? निवडून आले, खुर्ची मिळाली, आणि पहिल्याच दिवशी आबा त्या खुर्चीत बसून मला म्हणाले, "बाई, च्या सांगा जरा." मी सांगितला. उभी राहून.

मग पवनचक्क्यांचं आलं. गावाच्या वर जो माळ आहे ते गायरान. जमीन सरकारची, चरतात गावाची गुरं. पण ज्याच्या दावणीला चार जनावरं आणि घरी चार एकर ऊस आहे, त्याची गुरं त्या माळावर कधी जात नाहीत. तिथं जातात शेळ्या. विधवांच्या, एकट्या बायांच्या, आमच्या आळीच्या. कडेला थोडी बाजरी होते. माझ्या नवऱ्यानं तिथले दगड वेचून बांध घातला होता, तो असताना. त्या बाजरीवर माझं आणि माझ्या लेकीचं वर्ष निघतं. तलाठ्याच्या भाषेत त्याला अतिक्रमण म्हणतात.

कंपनीला नेमका तोच माळ हवा होता. मुंबईत मंजुरी झाली, असं आबा म्हणाले. जिल्ह्यातही झाल्यात जमा. मोठ्या साहेबांच्या हातून भूमिपूजन ठरलं. एरवी एकमेकांच्या मयतीलाही न जाणारे तालुक्यातले दोन्ही गट या माळावर मात्र एक झाले. रस्त्याचं काम एकाला, क्रेन आणि डंपर दुसऱ्याला, रखवालदार आबांनी द्यायचे. सगळं जमलं होतं. राहिला होता फक्त ग्रामसभेचा ठराव. ग्रामसभा सव्वीस जानेवारीला, झेंड्यानंतर. आणि तिच्या आधी महिला सभा घ्यावी लागते. कायदाच आहे तसा. बायांनी वेगळं बसून आपलं म्हणणं ठरवायचं आणि ते ग्रामसभेत मांडायचं.

आमच्या गावात ही सभा कशी होते? संक्रांतीनंतर रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे दिवस असतात. त्यातलंच एक हळदीकुंकू आबांच्या वाड्यापुढं होतं. बाया नटून येतात, वाण घेतात, एका वहीत सही करतात. झाली महिला सभा. वर्षानुवर्षं असंच चाललंय. कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. बायांनाही नाही, कारण सभा झाली हेच त्यांना माहीत नसायचं.

यंदाचं वाण कंपनीनं दिलं होतं. स्टीलचे डबे, झाकणावर पवनचक्की. टेम्पो आला तेव्हा आबांची बायको म्हणाली, "सरपंचबाई, तेवढी खोकी उतरवून घ्या की." मी पदर खोचला आणि खोकी आत आणली. वाटायची वेळ झाली तशी मी एक डबा उचलला. तिनं तो माझ्या हातातून काढून घेतला. "ऱ्हाऊ द्या. सवाष्णींचं वाण हाय."

खोकी उचलायला माझे हात चालले. वाटायला चालले नाहीत.

तेवढ्यात कंपनीचा माणूस मोबाईल घेऊन पुढे आला. गोरापान, पायात पांढरे बूट, तोंडात सतत 'मॅडम'. "मॅडम, फोटोला मधे या ना. सरपंच मधे पाहिजेत." ज्या बाईनं मला टाळलं होतं तिनंच माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला बॅनरखाली उभं केलं. मी वर पाहिलं. एका ओळीत 'हळदीकुंकू समारंभ'. खालच्या ओळीत 'महिला सभा'.

ग्रामसेवक भाऊसाहेब वही घेऊन फिरत होते. मी विचारलं, "ही कशाची सही?"

ते सहज म्हणाले, "महिला सभेची हजेरी, ताई. नेहमीचंच."

"आणि विषय?"

"पवनऊर्जा प्रकल्पाला महिलांचा पाठिंबा. तुमी अध्यक्ष, शेवटची सही तुमची."

मी मांडवात नजर फिरवली. आबांची भावकी. सोसायटीच्या संचालकांच्या बाया. मास्तरांची बायको. सगळ्या चांगल्या, माझ्याशी कधी वाकडं न बोललेल्या. पण माळावर शेळी घेऊन जाणारी एक तरी होती का? एकही नाही. कशी असेल? विधवेला हळदीकुंकवाला बोलावत नाहीत. टाकलेलीला बोलावत नाहीत. आमच्या आळीला तर बोलावणं दूरच. ज्यांचा माळ जाणार होता त्या बायांना बाहेर ठेवायला आबांना काही करावंच लागलं नाही. रीतच ते काम करत होती.

कुंपणापलीकडे हौसाक्का उभी होती. आबांचीच चुलत भावजय. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. शेळ्या घेऊन माळावर निघाली होती, मांडव बघून थबकली. स्वतःच्या भावकीच्या दारात, कुंपणाबाहेर. तिच्या आणि माझ्या जातीत गावानं केवढं अंतर ठेवलंय. त्या दिवशी आम्हा दोघींना एकाच कुंपणानं अडवलं होतं. फरक एवढाच की माझी सही हवी होती म्हणून मी आत होते.

आता माझं डोकं फिरलं. खरं सांगते, धाडस वगैरे काही नव्हतं. लाज इतकी साचली होती की ती आता माझ्यात मावत नव्हती.

मी भाऊसाहेबांना म्हणाले, "ही महिला सभा आहे ना? मग अध्यक्ष मी. सभा तहकूब करते. लिहा."

कंपनीच्या माणसानं मोबाईल खाली घेतला. ओट्यावर बसलेले आबा हसले. "बाई, तहकूब म्हंजी काय, ठाव हाय का तुमाला?"

"हो. उद्या दहा वाजता शाळेपुढं पुन्हा भरेल. कुंकू न लावता."

हसू गेलं. आबा उठून उभे राहिले. "खुर्ची कुनी दिली तुला?" तुमाला नाही, तुला. "तुजी लायकी व्हती का? आमी न्हाई तर पंचायतीच्या दारात झाडू मारीत असतीस."

मी त्या मांडवातून चालत बाहेर आले आणि कुंपणापाशी हौसाक्काला म्हणाले, "आक्का, उद्या शाळेपुढं या." ती म्हणाली, "मला कोन बोलवतं गं पोरी?" मी म्हणाले, "सरपंच बोलावतेय." सरपंच हा शब्द स्वतःसाठी मी त्या दिवशी पहिल्यांदा वापरला.

संध्याकाळी आबा आमच्या आळीत आले. निवडणुकीनंतर पहिल्यांदाच. सूर बदललेला. पोरीला कंपनीत लावू, तुझ्या बाजरीचं काहीतरी बघू, रागाच्या भरात बोललो. मी चहा ठेवला. "नको, आज उपास हाय." आबा आमच्या आळीत येतात त्या दिवशी त्यांचा हटकून उपास असतो. उपासाला चहा चालतो, हे अख्ख्या महाराष्ट्राला माहीत आहे. पण आमच्या कपातला त्यांचा उपास मोडतो. त्यांच्यापुढं बसून तो चहा मीच प्यायले आणि म्हणाले, "सभा होणार, आबा."

सभा झाली. आधी कुणीच येईना. मग हौसाक्का आली, शेळ्यांसकट. मग आमच्या आळीच्या बाया, मग धनगरवाड्यावरच्या, मग ज्या कधी कुठल्याच मांडवात दिसल्या नव्हत्या अशा कितीतरी. मास्तरांची बायकोही आली आणि मागे बसली. भाऊसाहेबांनी विषय वाचला. हौसाक्का बसल्या जागेवरून बोलली, "पंखं फिरू द्या की. वीज काय आमाला नको हाय व्हय? पन आमच्या शेरड्या कुटं फिरायच्या, ते पैलं सांगा. सांगा, मग करा तुमचं भूमिपूजन."

एवढंच ठरलं. विरोध नाही. आधी आमच्या चराईची आणि बाजरीची लेखी सोय, मगच पाठिंबा. सव्वीसला झेंड्यानंतर मी ते ग्रामसभेत वाचलं. 'मंजूर, मंजूर' ओरडायला आणलेली पोरं ओरडली. मी म्हणाले, ओरडून मंजूर होत नाही, हात वर करा. गोंधळ झाला. खुर्च्या आपटल्या. ठराव झाला नाही. भूमिपूजन पुढे गेलं. मग तालुक्यातून फोन सुरू झाले. एकानं विचारलं, "मंत्रालयातून मंजुरी हाय, तुमी मधी कोन?" दुसऱ्यानं विकासाची विरोधक म्हटलं. माझ्या घरातली वीज दिवसातून कितीदा जाते हे त्यानं विचारलं नाही.

आता सदस्यांनी माझ्यावर अविश्वास आणलाय. उद्या मतदान आहे. सदस्य आबांचे. उद्या मी पडणार, हे मला माहीत आहे. मग तो अविश्वासाचा ठराव गावापुढं जाईल, कारण मला गावानं निवडलंय. तिथं काय होईल, सांगता येत नाही. भीती वाटते. जेवण जात नाही. लेक म्हणते, आई, राजीनामा दे आणि मोकळी हो.

राजीनामा देणार नाही. त्यांना मला काढायचं असेल तर गावासमोर मतदान घेऊन, कारण सांगून काढावं लागेल. आणि काढलंच, तर माझ्या जागी सहीसाठी जी बाई आणतील तिच्या घरी त्यांच्या आधी मी जाईन. तिला विषय वाचून दाखवीन. ती सहीला नाही म्हणाली तर तिच्या शेजारी बसेन. हो म्हणाली, तर समोर बसून प्रश्न विचारीन. पुढच्या महिला सभेलाही जाईन. कुणाच्याही अंगणात असो. विधवांना, टाकलेल्यांना, माझ्या आळीला घेऊन जाईन आणि पहिल्या रांगेत बसवीन. करंडा पुढे जाऊ दे नाहीतर मागे. विषय वाचल्याशिवाय त्या मांडवातून एकही सही बाहेर जाऊ देणार नाही.