परियटकाठचे डेअरीकाका

डेअरीकाका माणसांशी हिंदीत बोलायचे आणि म्हशींशी मराठीत. "घरच्या पोरांना मराठीत विचारलं की हिंदीत जवाब येतो. ह्या ऐकून तरी घेतात," म्हणायचे. मी त्यांची नक्कल करायचो. पोट पुढे, हात मागे, आवाज नाकातून: "काहून वं शांते, चारा काहून नाही खाऊन राहिली?" हिंदी मुलखातल्या अधारतालची आमची गल्ली हसून लोळायची. काका म्हणायचे, "पोट थोडं कमी काढ बे."

डेअरी परियट नदीच्या काठाला. म्हैस व्याली की चिकाचा पहिला लोटा काका नदीला वाहायचे, डोळे मिटून. तिथून चार हातांवर गोठ्याची नाली नदीत उतरायची, शेणमुतासकट. एकदा मी म्हटलं, "काका, मैयाला दूध पण आणि गोबर पण?" एरवी हसले असते.

त्याच वर्षी उन्हाळ्यात शांता नदीत उतरली, पाणी हुंगलं आणि तशीच परत फिरली. म्हैस पाण्याला नाही म्हणते, हे काकांनी जन्मात पाहिलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी नाली बुजवली आणि गोठ्यामागे मोठा खड्डा खणला.

शेजारचा डेअरीवाला भैया दात काढत म्हणाला, "दादा, हम सबकी नाली तो चालू है. आप अकेले नदी साफ करोगे?"

"मेरी भैंस, मेरा गोबर. बस," काका म्हणाले.

पण शेण न्यायला कोणी येईना. शेतकरी म्हणत, इतक्या दूर ट्रॅक्टर कोण आणणार, युरियाची गोणी बरी. गोबरगॅसवाले साहेब आले, चहा पिऊन, फोटो काढून गेले. पावसाळ्यात खड्डा तुडुंब भरला आणि सगळं गोठ्यात शिरलं. म्हशी गुडघाभर घाणीत. शांतेचे खुर सडायला लागले.

मी गेलो तेव्हा काका फावड्यानं नाली मोकळी करत होते.

"काका, हे काय करून राहिले?"

"नदी वाचवू का म्हशी, तू सांग."

शेण धबधब नदीत गेलं. काका पाठ करून उभे राहिले.

पुढच्या उन्हाळ्याआधी त्यांनी सगळ्या म्हशी विकल्या, त्याच शेजारच्या भैयाला. त्याची नाली ह्यांच्याहून रुंद. मग काका नागपूरला मुलाकडे गेले. परवा त्यांचा फोन आला.

"परियटचं पाणी कसं आहे रे?"

"काळं आहे, काका."

"अन् दूध?"

"पांढरंच आहे. त्या भैयाकडचंच येतं आमच्या घरी."



"तापवून पीत जा," काका म्हणाले आणि फोन ठेवला.