खदाणीवरच्या घराचे मालक

बोईसरच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाला आमचा पाडा आहे. पाड्याच्या वर दगडाची एक बंद पडलेली खदाण आणि तिच्या कडेला काळ्या दगडाचं एक घर. त्या घराला आजवर चार मालक झाले. ते बांधलं मात्र माझ्या आजाने, म्हणजे आईच्या बापाने, आणि मालकांत त्याचं नाव कुठेच नाही.

खदाण व्हायच्या आधी तिथे आमची नाचणी-वरईची जमीन होती. पहिला मालक, खदाणवाला, आजाकडे गोड बोलत आला. दगड आहे तोवर खणतो, मग तुझी जमीन तुला, असं म्हणाला. आजाने विश्वास ठेवला. मग स्वतःच्याच जमिनीवर तो रोजंदारीने दगड फोडायला लागला. मालकाला उतरायला जागा हवी, म्हणून तिथलाच दगड घडवून त्याने हे घर उभं केलं. भिंती रचताना त्याची नखं काळीनिळी झाली होती, ते आईला अजून आठवतं.

दगड संपला, खदाणीत पाणी साचलं. खदाणवाल्याने घर आणि भोवतालची जागा आपल्या मुनिमाला दिली आणि तो निघून गेला. आदिवासीची जमीन अशी दुसऱ्याच्या नावावर सहजासहजी चढत नाही, हे मला शाळेत गेल्यावर कळलं. ही कशी चढली ते विचारायला आजा कचेरीत जायचा. साहेब बाहेर गेलेत, एवढंच उत्तर मिळायचं. साहेब बदलले, उत्तर बदललं नाही. विचारता विचारताच तो गेला.

मुनिमाने घर विकलं एका ठेकेदाराला, जो कारखान्यांना माणसं पुरवायचा. त्याने प्रत्येक खोलीत कामगार कोंबले. लांबून आलेली, हिंदी बोलणारी ती माणसं. त्यांच्याशी आमचं कधी वाकडं आलं नाही. घराच्या मागे आमचा वाघदेव आहे, शेंदूर लावलेला दगड. नवा भात त्याला दाखवल्याशिवाय आमच्यात कुणी खात नाही. आई टोपली घेऊन गेली की ती माणसं अंगणातली वाळत घातलेली कापडं बाजूला करून वाट द्यायची.

चौथा मालक गेल्या वर्षी आला. मुंबईचं जोडपं, सुट्टीला येऊन राहणारं. त्यांनी आधी कंपाउंड घातलं, गेट बसवलं, वॉचमन ठेवला. मग पाड्याला जेवायला बोलावलं. पानं वाढून झाल्यावर मालक घराचा इतिहास सांगायला उभा राहिला. खदाणवाला किती धडाडीचा, मुनीम किती इमानी, सगळं सांगितलं. "त्याच्या आधी इथे काहीच नव्हतं," तो म्हणाला, "नुसतं रान."

आई पंगतीतून उठली. "आमी व्हतो," ती म्हणाली. "हा दगड माज्या बापानं घडवला हाय."

तो हसला. अगदी नम्रपणे म्हणाला, "असेल मावशी, पण कागदावर पहिलं नाव खदाणमालकाचंच आहे."

मावशी म्हणे! मी तारापूरच्या कारखान्यात पॅकिंगला आहे, सुपरवायझरची बोलणी रोज गिळते. त्या दिवशी मात्र गिळलं नाही, हातातला घास पानात परत ठेवला. आम्ही भरली पानं सोडून घरी आलो.

भात कापून झाल्यावर आई टोपली घेऊन वर गेली, मी सोबत होते. वॉचमनने गेट उघडलं नाही. मालिक का फोन आने दो, म्हणाला. आई गेटसमोरच बसली. तिला बसलेली बघून पाड्यातल्या बाया वर आल्या आणि शेजारी बसल्या. वॉचमनने मालकाला कळवलं, मालकाने पोलिसांना. हवालदार आला. त्याने मालकाशी फोनवर बोलून तोडगा काढला, की वर्षातून एकदा, आधी विचारून, यायला हरकत नाही. एवढं सांगून त्याने वॉचमनला गेट उघडायला लावलं. आता आम्ही आभार मानू असं त्याला वाटलं असावं.

आईने त्याच्याकडे बघितलं. "आमच्या देवाला जाया आमी इचारायचं? तुमच्या शेठनं घर घेतलं तवा देवाला इचारलं व्हतं?"

आई उघड्या गेटातून आत गेली आणि तिच्यामागे सगळ्या बाया. आम्ही भात दाखवला, दिवा लावला आणि उन्हं उतरेपर्यंत मुद्दाम तिथेच बसलो. यंदाही गेलो. कुणालाच विचारलं नाही. वॉचमनने आम्हाला येताना पाहिलं आणि स्वतःहून कडी काढली.

आता जमिनीसाठी मी पालघरला दावा लावला आहे. आई नको म्हणत होती, माझ्या बापाच्या वाट्याला आलं तेच तुझ्याही येईल म्हणाली. तारखा पडतात, माझा खाडा होतो. मागच्या तारखेला मालकाच्या वकिलाने सगळ्यांसमोर मला विचारलं, इतकी वर्षं तुम्ही होतात कुठे?

"खालीच," मी म्हणाले. "त्या घराच्या ओट्यावर उभं राहिलं की आमचा पाडा दिसतो."