बदललेल्या बाटल्या

आणीबाणी उठून वर्ष होत आलं होतं, तरी मला पाहिलं की काही पुरुष मागच्या दाराने पळायचे. पांढरी साडी म्हणजे नसबंदी, हे डोक्यात घट्ट बसलेलं. मी शिरूरच्या दवाखान्यात नर्स होते. त्या वर्षी पुण्याचे एक डॉक्टर दर पंधरवड्याला, गुरुवारी, आमच्याकडे यायला लागले. त्यांना पोटात अल्सर असलेली माणसं हवी होती. अशी माणसं आमच्याकडे रग्गड. पोटाशी हात धरून, वाकून चालणारी.

डॉक्टर नव्या गोळ्यांची चाचणी करत होते. ती लोकांना समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं, कारण डॉक्टरांची मराठी पुस्तकी. लोक नुसत्या माना डोलवायचे आणि बाहेर येऊन मला विचारायचे, "काय म्हनला?" मग मी आपल्या भाषेत सांगायचे.

"दोन परकारच्या बाटल्या हायेत. एकीत औषध, दुसरीत खडूच्या गोळ्या. रंगाला सारख्या, चवीला सारख्या. कुणाला कंची आली ते मला ठावं न्हाई, डॉक्टरलाबी न्हाई. बाटलीवर नुसता नंबर. कुठल्या नंबरात काय हाय त्यो कागद पुण्यात कुलपात. सहा आठवडं खायच्या, मंग पोटाचा फोटू काढून बघायचं."

"डॉक्टरलाबी ठावं न्हाई?" इथे हमखास कुणीतरी हसायचं. मग मी कांद्यावर यायचे. नवं बियाणं चांगलं की जुनं, हे कसं ठरवता? एकाच वावरात काही वाफे ह्याचे, काही त्याचे. पाणी सारखं, खत सारखं. एक कांदा मोठा निघाला म्हणून बियाणं चांगलं ठरत नाही, एक सडला म्हणून वाईट ठरत नाही. सगळं रान काढून बघावं लागतं. हे पटायचं. पटलं की म्हणायचे, "मंग बाई, आमाला नव्या वाफ्यात घाला." मी कपाळावर हात मारून घ्यायचे.

त्या माणसांत दोन माझी होती. एक माझे वडील. त्यांना मी आप्पा म्हणायचे. दौंडला रेल्वेत पॉइंट्समन होते, रुळांचे सांधे बदलणारे; ड्यूटीच्या वेळा रोज वेगळ्या, जेवणाचा पत्ता नाही. दुसरे माझे सासरे. त्यांना मी मामा म्हणायचे. न्हावऱ्याला त्यांची थोडी कांद्याची शेती होती. आम्ही नवराबायको शिरूरला खोली घेऊन राहायचो आणि रविवारी एसटीने न्हावऱ्याला जायचो. दोघांचं दुखणं एकच, म्हणून दोघांना मीच डॉक्टरांपुढे बसवलं. कागदावर आप्पांनी सही केली, मामांनी अंगठा दिला. वहीत दोघांच्या नावांपुढे बाटल्यांचे नंबर माझ्याच अक्षरात होते.

आता एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचं लग्न बुद्धवंदनेने झालं होतं. हुंडा नाही, मानपान नाही, व्याही व्याही सारखे, असं लग्नात एकाने भाषण ठोकलं आणि टाळ्याही पडल्या. पण मुलीच्या बापाची कंबर काही सरळ झाली नाही. आप्पा न्हावऱ्याला आले की खाटेच्या काठावर बसायचे, अर्धे बाहेर. त्यांची नवी छत्री पाहून मामा एकदा सहज म्हणाले, "पाव्हणं, झ्याक हाय की." झालं. छत्री तिथेच ठेवून आप्पा भिजत स्टँडवर गेले. मला त्यांचा इतका राग यायचा! जे चांगलं असेल ते मुलीच्या सासरी द्यायचं, हे त्यांच्या हाडात होतं. भाषणाने ते कुठे जातंय.

तीन आठवडे झाले आणि आप्पा सांगू लागले की दुखणं गेलं. भूक लागते, रात्री झोप लागते. मामा मात्र म्हणायचे, "काय बी फरक न्हाई. मला खडूच आला जनू." सगळ्यांनी ठरवून टाकलं की औषध आप्पांना आलं. मीही ठरवलं. गावभर कांद्याचा दाखला देत फिरणारी मी, घरातल्या दोन माणसांवरून निकाल देऊन मोकळी झाले.

पुढच्या रविवारी न्हावऱ्याला गेले तर कोनाड्यात आप्पांच्या नंबरची बाटली.

"मामा, ही बाटली इथं कशी?"

"तुझं वडील यून गेलं की परवा," मामा म्हणाले. "मला म्हनलं, पाव्हणं, तुमी खडू खावा आन् म्या औषध खावं, ह्ये बरं दिसत न्हाई. माझी बाटली घिऊन गेलं, त्यांची ठिवून गेलं. न्हाई म्हनू दिलं न्हाई."

सासूबाई चुलीपाशी होत्या. त्या मान वळवून म्हणाल्या, "मोठं मन हाय तुज्या बापाचं." लग्नानंतरच्या पाच वर्षांत माझ्या माहेराबद्दल त्या घरात निघालेला तो पहिला चांगला शब्द. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

गुरुवारी डॉक्टरांना सांगायला हवं होतं. माझं कामच ते होतं. पण सांगितलं असतं तर दोघांनाही चाचणीतून काढलं असतं, बाटल्या परत घेतल्या असत्या आणि सासूबाईंचा तो शब्दही परत गेला असता. मी गप्प राहिले.

बाटल्या बदलल्यापासून अठराव्या दिवशी मामा भरदुपारी कांद्याच्या वाफ्यात बसले ते उठलेच नाहीत. ट्रॅक्टरवर घालून शिरूरला आणलं तेव्हा पोट पाटासारखं कडक झालं होतं. अल्सर फुटला की असं होतं, हे मला हात लावताच कळलं. जीप मिळाली, पुण्याकडे निघालो. शिक्रापूर ओलांडलं आणि त्यांनी माझा हात सोडला. माझा नवरा पुढे बसला होता. मागे काय झालं ते मी त्याला लगेच सांगितलं नाही.

मामा गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाला आप्पा आले तेव्हा सासूबाईंनी त्यांना खाटेवर मधोमध बसवलं. चार माणसांत म्हणाल्या, "ह्यांनी आपलं औषध त्यांना दिलं. नशिबानंच दावा साधला." आप्पा खाली मान घालून रडत होते.

चार महिन्यांनी पुण्यातला तो कुलपातला कागद उघडला. डॉक्टरांनी मला मुद्दाम बोलावून दाखवला. "सिस्टर, बघा. आपण सगळे उलटंच समजत होतो. तुमच्या सासऱ्यांचा नंबर औषधाचा आणि वडिलांचा खडूचा. जखम भरली ती वडिलांची!"

म्हणजे आप्पांना आधी बरं वाटलं ते नुसत्या विश्वासाने. मामांच्या पोटात औषध जात होतं, ते सावकाश काम करत असेल. आणि आप्पांनी मानाने नेऊन दिला तो खडू. त्यांची जखम भरली ती मामांच्या बाटलीने.

डॉक्टरांच्या कागदावर मामांचा मृत्यू औषधाच्या रकान्यात होता. आप्पांचं बरं होणं खडूच्या रकान्यात. दोन्ही चुकीचं. मी तोंड उघडलं असतं तर दोन ओळी सुधारल्या असत्या. पण संध्याकाळी नवऱ्याला कळलं असतं आणि रविवारी न्हावऱ्याला. मी म्हणाले, "हो, डॉक्टर." त्या गोळ्या शिरूरला पुन्हा आल्या नाहीत. दोन माणसांनी एवढं काय बिघडतं, अल्सर औषध घेऊनही फुटतो, एका माणसावरून काही सांगता येत नाही, असं मी स्वतःला सांगत राहिले. लोकांना सांगताना ते किती सोपं होतं.

वर्षभराने दौंडला गेले होते. आप्पा क्वार्टरच्या पायरीवर भाकरी आणि लसणाची चटणी खात होते. आधी चटणीच्या वासानेही त्यांच्या पोटात आग व्हायची.

"पोरी, कागद उघाडला आसंल ना?" ते म्हणाले. "म्या त्यांना दिलं ते औषधच व्हतं ना?"

"औषधच होतं, आप्पा."

त्यांनी घास खाली ठेवला. "मंग नंतर म्या खाल्ला त्यो खडू. आन् माझी जखम भरली ती खडूनं?"

रेल्वेतला माणूस. सांधा इकडचा तिकडे केला की गाडी कुठे जाते, हे त्यांना मी काय शिकवणार? मी ताटातल्या चटणीकडे बघत बसले. ताट तसंच ठेवून ते हात धुवायला उठले.

त्यानंतर आप्पांनी न्हावऱ्यात पाऊल टाकलं नाही. सासूबाई दर सणाला निरोप धाडायच्या, पाव्हण्यांना घेऊन ये म्हणून.