बेडूकउड्या

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. कांचघर वस्तीतल्या पाळणाघरातल्या त्या बाईची नोकरी माझ्या खोट्या तक्रारीमुळे गेली.

तिचं नाव मी कधी विचारलं नाही. मुलं तिला दीदी म्हणत. पदर कमरेला खोचून ती अंगणातून नळापर्यंत बेडूकउड्या मारत जायची आणि मागून सगळी मुलं. तिथे हात धुतले की मगच गाजर-काकडीच्या फोडी मिळायच्या. टीव्ही तिनं कापडानं झाकून ठेवला होता.

मी तीन वर्षांच्या लेकीला कडेवर घेऊन यायचो. एकदा सगळ्या पालकांसमोर दीदी म्हणाली, "काहून उचलून राहिले जी? पाय आहेत ना तिले. तुम्हीच मारा दोन उड्या, पोट पाहा आपलं."

सगळे हसले. मीही हसलो, पण ते मला लागलं.

पुढच्याच आठवड्यात लेक माझ्याकडे धावत येताना पडली, गुडघा खरचटला. मी पाळणाघराच्या मालकिणीला सांगितलं, दीदीनं ढकललं.

दीदी गेल्यावर मुलं टीव्हीसमोर बसून बिस्किटं खायची. लेक घरी जेवणाआधी उड्या मारत नळाशी जायची आणि दाराकडे बघत थांबायची. हळूहळू तेही सुटलं. आता ती दहा वर्षांची आहे, जिना चढायचाही कंटाळा करते. कुठल्या अंगणातून मुलांचा गलका आला की मी स्कूटर हळू करतो. वाटतं, पदर खोचलेली ती दिसेल.

तिची माफी मागायची आहे, आणि लेकीला खरं सांगायचं आहे. दोन्ही अजून माझ्याकडून झालेलं नाही.